मीटरवरचे शून्य कोणाचे?

धाकट्या भावाचे अंग तव्यासारखे तापले आहे आणि थर्मामीटर मात्र ३५ अंश सेल्सियस दाखवतो आहे, अशी कल्पना करा. आई काय करील? ती थर्मामीटर पुन्हा एकदा लावून पाहील. तरीही आकडा तोच आला, तर तो स्वतःच्या काखेत धरील. कारण आपल्याला ताप नाही हे तिला ठाऊक आहे. तिथेही काही भलतेच दिसले, तर शेजारणीकडून दुसरा थर्मामीटर मागून आणील. एवढे झाल्यावर ती म्हणेल, "पोराला ताप आहे, आणि हा थर्मामीटर बिघडला आहे." इलेक्ट्रॉनिकीचे एकही पुस्तक न वाचता तिने मापनयंत्रणेतील दोषाचे निदान केले!

कारखान्यातही हेच करावे लागते. फरक एवढाच, की तिथे थर्मामीटर एका इमारतीत, त्याच्या तारा लोखंडी कपाटात आणि आकडा दिसतो तो तिसऱ्याच खोलीतल्या पडद्यावर. मग वाटेत खोटे नेमके कोण बोलते आहे हे ओळखायचे कसे? आमच्या गावी घडलेला एक प्रसंग सांगतो. त्यात माझी चांगलीच फजिती झाली, म्हणून तो माझ्या पक्का लक्षात आहे.

बोदवड हे भुसावळ–बडनेरा लोहमार्गावरचे गाव. भोवतालची जमीन काळी, कापसाची. त्यामुळे इथे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आहेत. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या येऊ लागल्या की ते रात्रंदिवस चालतात. जिनिंग यंत्रात कापसापासून सरकी वेगळी होते, रुई पुढे जाते आणि प्रेसमध्ये दाबून तिच्या सुमारे १७० किलोग्रॅम वजनाच्या गाठी बांधतात. सारे काम विजेच्या मोटारींवर. मोटारी थांबल्या की फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागते आणि आत शेठच्या कपाळावर आठ्या पडतात.

डिसेंबर २०२३ मध्ये बारावीच्या मुलामुलींना घेऊन मी अशाच एका कारखान्यात गेलो होतो. तिथल्या वायरमनना सगळे आबा म्हणतात. त्यांनी आम्हांला आधी ऑफिसात नेले आणि भिंतीवरच्या पडद्याकडे बोट केले. जिनिंगच्या मोटारींना वीज पुरवणाऱ्या मुख्य केबलींचे तीन आकडे त्यावर दिसत होते. आर फेज ९२ अँपिअर, वाय फेज ०, बी फेज ९० अँपिअर.

"सर, मोटारी तं बरोबर चालू राह्यल्या, अन् हा डबा म्हणतो एक फेजच नाही," आबा म्हणाले. "शेठ म्हणतात, कार्ड तुम्हीच जाळलं."

कार्डाचे पैसे आबांच्या पगारातून कापण्याची भाषा झाली होती, हे मला नंतर कळले.

काट्यावरचा माणूस

हे 'कार्ड' म्हणजे काय? त्याचे पुस्तकी नाव इनपुट मॉड्यूल. बाजार समितीच्या काट्यावर बसलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. गाडी काट्यावर येते, तो वजन पाहतो आणि चिठ्ठीवर आकडा लिहून आत पाठवतो. आत बसलेल्या मंडळींना कापूस दिसत नाही, बैल दिसत नाहीत, दिसते फक्त चिठ्ठी. इनपुट मॉड्यूल हा तसा काट्यावरचा माणूस आहे. बाहेरून आलेला विद्युत् प्रवाह किंवा विद्युत् दाब तो मोजतो, त्याचा अंक बनवतो आणि तो अंक तारेवरून पडद्याकडे धाडतो.

पण ९२ अँपिअर थेट मॉड्यूलमध्ये सोडता येत नाहीत. ते क्षणात जळून जाईल. म्हणून मध्ये एक रोहित्र बसवतात. त्याला प्रवाह-रोहित्र किंवा वायरमनच्या भाषेत सी.टी. म्हणतात. ते बांगडीसारखे असते. जाड केबल त्या बांगडीतून आरपार जाते. तो झाला प्राथमिक वेटोळ्याचा एकुलता एक वेढा. बांगडीच्या गाभ्यावर बारीक तारेचे ४० वेढे असतात. ते दुय्यम वेटोळे. केबलमधून २०० अँपिअर गेले तर दुय्यम वेटोळ्यातून २०० भागिले ४०, म्हणजे ५ अँपिअर वाहतात. अशा सी.टी.वर '२००/५' असे लिहिलेले असते. आता ९२ अँपिअरला किती? तोंडीच करा. ९२ भागिले ४०, म्हणजे २.३ अँपिअर.

म्हणजे आकड्याचा प्रवास असा: केबल, मग सी.टी., मग बारीक तारा, मग जोडपट्टी, पुन्हा तारा, मग मॉड्यूल आणि शेवटी पडदा. यांपैकी कोणीही खोटे बोलू शकतो. शिवाय कोणीच खोटे बोलत नसेल आणि वाय फेज खरोखरच गेलेली असेल, हीही शक्यता उरतेच. तिचा निकाल आधी लावला पाहिजे. कारण ते खरे असेल तर मोटारी जळतील.

शून्य खरे असते तर?

मुलांना मी विचारले, "मोटारी न थांबवता, कशालाही हात न लावता, हे शून्य खरे की खोटे ते सांगता येईल का?"

एकाने सांगितले, आवाजावरून. बरोबर आहे. एक फेज गेली की मोटार घुमू लागते, तापते, भाराखाली रखडते. आबांचा कान तयार होता आणि त्या कानाचे मत 'सगळे ठीक' असे होते. पण दुसरा पुरावा पडद्यावरच होता आणि तो अधिक पक्का होता.

तीन फेजच्या मोटारीला मिळणारी शक्ती √३ × दाब × प्रवाह × शक्तिगुणांक एवढी असते. एक फेज गेली तर उरलेल्या दोन तारांवर मोटार एका फेजच्या यंत्रासारखी चालते. मग शक्ती होते दाब × प्रवाह × शक्तिगुणांक. काम तर तेवढेच करायचे आहे, कापूस कमी झालेला नाही. मग √३ ची भरपाई कोण करणार? उरलेल्या दोन फेजमधला प्रवाह. तो सुमारे १.७३ पट व्हायला हवा. ९२ चे साधारण १५९ अँपिअर! पडद्यावर मात्र आर आणि बी हे दोघेही गेल्या आठवड्यातल्याइतकेच, नव्वदीच्या आसपास, निवांत होते. एक भाऊ घर सोडून गेला आणि उरलेल्या दोघांवर कामाचा बोजा जराही वाढला नाही, असे कधी होते का? म्हणजे तो घरातच आहे. फक्त हजेरीपटावर त्याची गैरहजेरी लागली आहे.

हा युक्तिवाद मला फार आवडतो. मीटरच्या चुकीचा पुरावा शेजारच्याच दोन मीटरांनी दिला.

आबांनी मग टाँग टेस्टर काढला. हा चिमट्यासारखा मापक तुम्ही पाहिला असेल. त्याचा जबडा उघडून केबलभोवती मिटायचा. तार तोडावी लागत नाही. तोही एक सी.टी.च आहे, फक्त उघडझाप करता येणारा. वाय फेजच्या केबलभोवती त्याने ९१ अँपिअर दाखवले. आईने शेजारणीचा थर्मामीटर आणला, तसेच हे झाले. वाय फेज जिवंत होती.

साखळी मधोमध कापा

आता खोटे बोलणारा शोधायचा. एका टोकापासून प्रत्येक दुवा तपासत जाता येते, पण त्यात वेळ जातो. त्यापेक्षा मधोमध मोजा. मध्यावर प्रवाह ठीक असेल तर दोष पुढच्या अर्ध्यात. नसेल तर मागच्या अर्ध्यात. उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करा. शब्दकोशात शब्द शोधताना तुम्ही हेच करता, पहिल्या पानापासून एकेक पान उलटत नाही.

आबांनी सी.टी.कडून आलेल्या बारीक तारेभोवती चिमटा लावला. आकडा आला २.३ अँपिअर! मुलांनी टाळ्या वाजवल्या, कारण हिशोब जुळला होता. सी.टी. ठीक, तार ठीक. प्रवाह येतो आहे आणि मॉड्यूल शून्य सांगते आहे, तेव्हा दोष मॉड्यूलचा, असे मी जाहीर केले.

खरे तर आणखी एक परीक्षा बाकी होती. ती अदलाबदलीची. मॉड्यूलपाशी वाय आणि बी यांच्या तारा एकमेकींच्या जागी लावायच्या. शून्य जर वाय खिडकीतच राहिले तर दोष मॉड्यूलचा किंवा त्याच्या पुढचा. आणि शून्य तारेबरोबर उठून बी खिडकीत गेले तर दोष तारेच्या बाजूचा. सारख्या दोन वाटा असलेल्या मापनयंत्रणेला लागू पडणारी, नवे काहीही विकत न घेता करता येणारी ही परीक्षा आहे. ती आम्ही केली नाही. एक तर तिच्यासाठी कारखाना थांबवावा लागला असता. दुसरे म्हणजे, खरे सांगायचे तर, २.३ हा आकडा इतका सुरेख आला होता की पुढे तपासायची गरजच वाटली नाही.

चालू कारखान्यात ही अदलाबदल का करू नये, हे मात्र नीट समजून घ्या. सी.टी.चे दुय्यम वेटोळे प्राथमिकात प्रवाह असताना कधीही उघडे पडता कामा नये. एरवी दुय्यम वेटोळ्यातला प्रवाह गाभ्यात उलट दिशेचे चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो आणि दोन्ही क्षेत्रे एकमेकांना जवळजवळ संपवतात. दुय्यमाची तार सुटली की हा विरोध नाहीसा होतो. केबलमधले ९२ अँपिअर तर वाहतच राहतात, ते सी.टी.ला विचारून वाहत नसतात. त्यांचे सगळे बळ आता गाभ्याचे चुंबकन करण्यात जाते. प्रवाहाची दिशा उलटताना गाभ्यातील चुंबकीय स्रोत फार झपाट्याने उलटतो. स्रोत जितक्या झपाट्याने बदलतो तितका विद्युत् दाब जास्त, हा फॅरेडेचा नियम तुम्हांला माहीत आहे. त्यामुळे सुटलेल्या टोकांवर शेकडो, मोठ्या सी.टी.त तर हजारो व्होल्टचे झटके निर्माण होतात. पाच अँपिअरची निरुपद्रवी दिसणारी ती बारीक तार माणसाचा जीव घेऊ शकते.

म्हणून जोडपट्टीवर प्रत्येक सी.टी.साठी पितळेची एक लहान पट्टी असते. तिला लिंक म्हणतात. मॉड्यूल सोडवण्याआधी ही लिंक मिटवायची, मग सी.टी.चा प्रवाह लिंकमधूनच परत फिरतो आणि पुढच्या तारा निर्धास्तपणे सोडता येतात. काम झाले की लिंक उघडायची. ही कामे परवानाधारक वायरमननीच करायची. आम्ही सगळे त्या दिवशी जमिनीवरच्या पिवळ्या रेघेमागे उभे होतो.

पुन्हा शून्य

नवे मॉड्यूल मागवले. काही हजार रुपयांची वस्तू; यायला चार दिवस लागले. साप्ताहिक सुटीच्या दिवशी कारखाना बंद असताना, मेन स्विच काढून आबांनी ते बसवले. केबलमध्ये प्रवाहच नव्हता, त्यामुळे लिंकांना हात लावायचे कारण नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारी सुरू झाल्या. आर ९१, वाय ०, बी ९०.

शेठ काही बोलले नाहीत. आबाही काही बोलले नाहीत. मी चहा अर्धा ठेवून घरी आलो.

त्या रात्री मला इटलीतल्या ओपेरा प्रयोगाची गोष्ट आठवली. स्वित्झर्लंडमधील सर्न प्रयोगशाळेतून निघालेले न्यूट्रिनो नावाचे कण जमिनीतून सुमारे ७३० किलोमीटर प्रवास करून इटलीतील ग्रान सासो इथे पोहोचत. सप्टेंबर २०११ मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी जाहीर केले की हे कण प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी येत आहेत. एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. तेवढ्याने आइन्स्टाइनचा सापेक्षता सिद्धांत संकटात आला! जगभर चर्चा झाली. पण त्याच शास्त्रज्ञांनी आपली यंत्रणा पुन्हा दुवा दुवा करून तपासली, आणि २०१२ च्या आरंभी सापडले काय? उपग्रहाकडून आलेला वेळेचा संदेश घड्याळापर्यंत नेणाऱ्या प्रकाशतंतूचा जोड नीट घट्ट बसलेला नव्हता. घड्याळातही एक लहान दोष निघाला. ते दुरुस्त केल्यावर न्यूट्रिनो प्रकाशाच्या वेगाच्या मर्यादेत आले. बिघाड यंत्राच्या पोटात नव्हता. तो यंत्राच्या दारात, जोडावर होता.

जोडावर! दुसऱ्या दिवशी मुलांना घेऊन पुन्हा कारखान्यात गेलो. या वेळी सुरुवात पडद्यापासून केली. अशा यंत्रणा जुने आकडे साठवून ठेवतात, त्यांचा आलेख पाहता येतो. आम्ही विचारले, शून्य केव्हापासून? आलेखावर वायची रेघ हळूहळू उतरली नव्हती, थरथरलीही नव्हती. नोव्हेंबरात एके दिवशी पाऊण तास तिन्ही रेघा शून्यावर होत्या. त्यानंतर आर आणि बी पुन्हा चढल्या, वाय खालीच राहिली. सैल जोड असता तर रेघ वरखाली उडाली असती. जळलेले कार्ड असते तर भर कामात रेघ तुटली असती. इथे ती एका थांब्यानंतर वर आलीच नव्हती. त्या दिवशी काय झाले होते? आबांनी डायरी काढली. त्या दिवशी मीटरांची तपासणी करायला बाहेरची माणसे आली होती.

तेवढ्यात मागच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "सर, आपण चिमटा लावला ती तार पट्टीच्या अलीकडची होती की पलीकडची?"

मी आबांकडे पाहिले, आबांनी माझ्याकडे. अलीकडची! सी.टी.पासून जोडपट्टीपर्यंतची तार मोकळी होती, तिच्याभोवती चिमटा सहज मावत होता. पट्टीपासून मॉड्यूलपर्यंतच्या तारा प्लॅस्टिकच्या नळीत दाटीवाटीने होत्या, म्हणून तिथे कोणी मोजलेच नव्हते. आबांनी नळीचे झाकण काढून मोठ्या कष्टाने वायच्या तारेभोवती चिमटा मिटवला. पट्टीच्या अलीकडे २.३, पलीकडे जवळजवळ काहीच नाही. जोडपट्टीवरचे पारदर्शक झाकण धुळीने मातकट झाले होते. ते पुसले तेव्हा आतले दिसले. आर आणि बी यांच्या लिंका उघड्या, वायची लिंक मिटलेली.

तपासणी करणाऱ्यांनी तिन्ही लिंका रीतसर मिटवल्या होत्या आणि जाताना दोनच उघडल्या होत्या. सी.टी.चा प्रवाह पट्टीपर्यंत येत होता आणि तिथूनच मागे फिरत होता. तुम्हांला शंका येईल, की लिंक आणि मॉड्यूल एकमेकांना समांतर आहेत, तेव्हा थोडा प्रवाह मॉड्यूलकडेही जायला हवा. जातोच. समजा, मॉड्यूलच्या वाटेचा रोध लिंकच्या शंभर पट आहे. मग एकूण प्रवाहाचा १०१ वा भाग, म्हणजे सुमारे ०.०२ अँपिअर तिकडे जाईल. इतका क्षुल्लक प्रवाह अशा यंत्रणा शून्यच धरतात.

आधीच अदलाबदल केली असती, तर शून्य तारेबरोबर उठून बी खिडकीत गेले असते आणि बिचारे मॉड्यूल पहिल्याच दिवशी निर्दोष सुटले असते.

दिवा काय सांगतो?

आमची चूक मोजण्यात नव्हती, २.३ हा आकडा खराच होता. चूक त्याचा अर्थ लावण्यात झाली. 'प्रवाह पट्टीपर्यंत येतो' हे आम्ही मोजले आणि 'प्रवाह मॉड्यूलपर्यंत पोहोचतो' असे वाचले.

याच चुकीने २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुवीजकेंद्रात अनर्थ घडवला. दाब वाढल्यामुळे तिथली एक झडप उघडली आणि दाब उतरल्यावर ती मिटायला हवी होती, पण अडकून उघडीच राहिली. नियंत्रण कक्षातला दिवा मात्र ती मिटली असे दाखवत होता. कारण तो दिवा झडपेला जोडलेलाच नव्हता. झडप मिटवण्याचा विद्युत् संदेश गेला की नाही, एवढेच तो सांगत होता. संदेश गेला होता. झडप मिटली नव्हती. दोन तासांहून अधिक काळ अणुभट्टीला थंड ठेवणारे पाणी त्या वाटेने निघून जात राहिले. कर्मचाऱ्यांच्या हातून इतरही चुका झाल्या आणि अणुभट्टीच्या गाभ्याचा जवळजवळ निम्मा भाग वितळला.

चार मिलिअँपिअरचे शून्य

सी.टी.च्या शून्यात एक खोट आहे, ती तुमच्या ध्यानात आलीच असेल. मोटार बंद असली तरी शून्य आणि लिंक मिटलेली असली तरी शून्य. 'सांगण्यासारखे काही नाही' आणि 'सांगणाराच नाही' यांत फरक कळत नाही.

तापमान, दाब, टाकीतील पाण्याची पातळी अशा गोष्टी मोजताना अभियंत्यांनी यावर एक नामी तोड काढली आहे. भुसावळजवळच्या दीपनगरसारख्या औष्णिक वीजकेंद्रात बाष्पक आणि टर्बाइनवर असे असंख्य मापक असतात. त्यांचा संदेश बहुधा ४ ते २० मिलिअँपिअर या प्रवाहाच्या रूपात पाठवतात. समजा, एक मापक ० ते २०० अंश सेल्सियस तापमान मोजतो. ० अंशाला तो ४ मिलिअँपिअर पाठवील, २०० अंशांना २० आणि १०० अंशांना १२. मग प्रवाह खरोखरच शून्य झाला तर? त्याचा अर्थ एकच: तार तुटली किंवा मापक मेला. भोळेपणाने हिशोब केलाच तर तापमान उणे ५० अंश येते. बोदवडला मे महिन्यात बेअरिंगचे तापमान उणे ५०! कोणीही ओळखील की तार गेली. खालची मर्यादा शून्यावर न ठेवता चारवर ठेवण्यात केवढे शहाणपण आहे पाहा.

दाबाऐवजी प्रवाह का पाठवतात? लांब तारेच्या रोधामुळे वाटेत दाब घटतो. पण एकसर मंडलात प्रवाह सगळीकडे सारखाच असतो, मग तार दहा मीटर असो की पाचशे मीटर. मॉड्यूलच्या दाराशी हा प्रवाह बहुधा २५० ओहमच्या रोधातून नेतात. ओहमच्या नियमाने ४ मिलिअँपिअरला १ व्होल्ट आणि २० मिलिअँपिअरला ५ व्होल्ट मिळतात. त्यामुळे तपासणीही सोपी होते. त्या रोधाच्या दोन टोकांवर मल्टिमीटर लावा. ३ व्होल्ट दिसले तर प्रवाह १२ मिलिअँपिअर, म्हणजे तापमान १०० अंश. तिथे ३ व्होल्ट असूनही पडद्यावर १०० सोडून भलताच आकडा असेल, तर दोष मॉड्यूलमध्ये किंवा त्याच्या पुढे. आणि ही मोजणी मॉड्यूलच्या अगदी दारात झालेली असते, पट्टीच्या अलीकडे नव्हे!

करून पाहा

टॉर्चचे दोन सेल, टॉर्चचा एक बल्ब आणि विजेच्या तारेचे आठ तुकडे घ्या. तुकडे एकापुढे एक पिळून जोडा आणि सेल, बल्ब व ही लांब तार यांचे मंडल पुरे करा. बल्ब लागला ना? आता तुम्ही खोलीबाहेर जा. तुमच्या मित्राने एखाद्या तुकड्यातले तांबे वेष्टनाच्या आत वाकवून वाकवून तोडायचे, वेष्टन तसेच ठेवायचे. परत येऊन दोष शोधा. शोधण्यासाठी एक जादा तार घ्या आणि तिने एका वेळी काही तुकड्यांना वळसा द्या. बल्ब लागला तर दोष वळसा दिलेल्या भागात आहे. आधी चार तुकडे, मग दोन, मग एक; तीन वेळांत दोषी तुकडा सापडलाच पाहिजे. सोळा तुकडे घेतले तर किती वेळा लागतील?

मग मित्राला सांगा, दोन तुकडे तोड, पण मला सांगू नकोस. तुमची तीन वेळांची युक्ती कशी कोलमडते ते पाहा, आणि ती कशी सावरायची याचा विचार करा. हा प्रयोग सेलवरच करायचा. घरातल्या विजेवर चुकूनही नाही.

आबांचा पगार कापला गेला नाही. त्यांनी तिन्ही लिंकांच्या मुठी लाल रंगवल्या आणि झाकण आता दर आठवड्याला पुसले जाते. नवे मॉड्यूल जागेवरच राहिले. जुने, ज्याचा काहीच अपराध नव्हता, ते शेठने आमच्या महाविद्यालयाला देऊन टाकले. प्रयोगशाळेत आम्ही त्याच्या तिन्ही खिडक्यांना माहीत असलेला प्रवाह देऊन पाहिला. आकडे बिनचूक आले. आता दर वर्षी बारावीच्या नव्या तुकडीपुढे मी ते एका जोडपट्टीसह मांडतो, एक लिंक गुपचूप मिटवतो आणि सांगतो, वाय शून्य दाखवते आहे, शोधा. गेल्या वर्षीच्या तुकडीला पंचवीस मिनिटे लागली, आणि त्यातली वीस मिनिटे ती मॉड्यूल उघडून आत पाहण्यात गेली.